न दुखणारे दुखणे

सन १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांची छावणी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली स्थिरावली आणि तिचेच पुढे लष्कर हे शहर झाले. त्या लष्करातील जयेंद्रगंज भागात राहणारे एखादे मराठी कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. घरातील आजोबांना पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे. आजवर कधी नव्हे ती त्यांच्या रक्तातील साखर दोन महिन्यांपासून खाली येऊ लागली आहे. इन्सुलिनची नेहमीची मात्रा त्यांना आता जास्त होते. पहाटे दरदरून घाम सुटतो, हात कापतात. आजींना वाटते, पथ्य फळले. त्या आनंदात एखादे दिवशी शिराही होतो.

वस्तुतः हा आनंदाचा प्रसंग नव्हे. शरीरात गेलेल्या इन्सुलिनचा काही भाग मूत्रपिंडे नष्ट करीत असतात. ती थकली म्हणजे इन्सुलिन रक्तात अधिक काळ रेंगाळते आणि साखर उतरते. मधुमेह बरा झाला असे घरच्यांना वाटावे, तेव्हाच पुष्कळदा मूत्रपिंडांनी आपले काम टाकावयास आरंभ केलेला असतो. उपचार न बदलता साखर अशी उतरू लागली, तर त्वरित वैद्याकडे जावयास हवे.

मात्र या अवस्थेपर्यंत थांबण्याचे मुळीच कारण नाही. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात व दोन्ही मिळून दिवसाकाठी १८० लिटरांच्या आसपास द्रव गाळतात. साखर वाढलेली राहिली म्हणजे या गाळण्या प्रथम अधिकच जोराने राबतात आणि मग झिजतात. एक गाळणी बंद पडली तर दुसरी तिचा भार उचलते; म्हणून दुखत नाही, लघवीही कमी होत नाही. पायांवर सूज व अन्नावरची वासना जाणे ही लक्षणे दिसेपर्यंत बरीचशी शक्ती संपलेली असते.

तथापि, झिजू लागलेल्या गाळणीतून अल्ब्युमिन नावाचे प्रथिन लघवीत झिरपू लागते. लघवीला लागलेल्या मुंग्यांवरून आपल्या प्राचीन वैद्यांनी मधुमेह ओळखला होता. पण प्रथिनाला मुंग्या लागत नाहीत! डेन्मार्कचे डॉक्टर मोगेन्सेन यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले की, हे अल्पसे झिरपणेही पुढील संकटाची सूचना असते. सकाळच्या लघवीत क्रिएटिनीनच्या एका ग्रॅममागे अल्ब्युमिन ३० मिलिग्रॅम किंवा अधिक आढळले, तर सावध व्हावे. ताप किंवा लघवीतील जंतुदोष यांनीही हा आकडा वाढतो. यास्तव पुन्हा तपासून मगच निर्णय करतात. याच्या जोडीला रक्तातील क्रिएटिनीनवरून गाळण्याची क्षमता काढतात. ती तीन महिन्यांहून अधिक काळ ६० च्या खाली राहिली, तर दीर्घकालीन विकार मानला जातो. प्रौढपणी होणाऱ्या मधुमेहात या दोन्ही तपासण्या निदान झाल्यापासून दरवर्षी करावयाच्या असतात. त्यांसाठी दिल्ली-मुंबई गाठावी लागत नाही. एवढे असूनही साखरेचा आकडा तोंडपाठ असलेल्या अनेकांना ही लघवीची तपासणी ठाऊकच नसते, ही खेदाची गोष्ट आहे.

झिरपणे वेळीच कळले, तर करण्यासारखे पुष्कळ आहे. रक्तदाब बहुतेकांनी १३०/८० च्या खाली राखावा. कॅप्टोप्रिलने १९९३ मध्ये आणि लोसार्टन व इर्बेसार्टन यांनी २००१ मध्ये सिद्ध केले की, रक्तदाबाची ही औषधे मूत्रपिंडांचा ऱ्हास मंद करतात. ‘दाब आता ठीक आहे, मग गोळी कशाला?’ असे म्हणून ती परस्पर सोडणे घातक होय. दुसऱ्या एका औषधवर्गाची कथा सफरचंदाच्या झाडाच्या सालीपासून सुरू होते. त्या सालीतून १८३५ मध्ये वेगळे केलेले द्रव्य लघवीवाटे साखर बाहेर टाकते असे पुढे आढळले. त्याच मार्गाने काम करणाऱ्या आजच्या औषधांनी, २०१९ व २०२० मधील मोठ्या चाचण्यांत, डायलिसिसची वेळ पुढे ढकलली. त्यांतील डॅपाग्लिफ्लोझिन अनेक भारतीय कंपन्या बनवू लागल्याने पुष्कळ स्वस्त झाले आहे. मात्र वांत्या, जुलाब किंवा निर्जळी एकादशी असेल त्या दिवशी ते घ्यावे की थांबवावे, हे वैद्याला आधीच विचारून ठेवावे.

स्वयंपाकघरातही काही गैरसमज ठाण मांडून आहेत. मीठ दिवसाला एका लहान चमच्याहून कमी असावे, आणि त्या चमच्यातच लोणचे, पापड व शेव यांचा हिशेब धरावा. उपवासाचे सैंधव हेही मीठच. कमी सोडियमचे म्हणून विकले जाणारे मीठ तर अधिक फसवे. त्यातील पोटॅशियम अशा रोग्याच्या हृदयाला अपाय करू शकते. वरण अजिबात बंद करण्याचाही आग्रह नको. साठ किलो वजनाच्या माणसाला दिवसाला अठ्ठेचाळीस ग्रॅमच्या आसपास प्रथिन लागतेच; ते तोडले तर म्हातारे शरीर खंगते.

आणि गुडघेदुखीच्या गोळ्या! दुकानातून चिठ्ठीवाचून आणलेल्या डायक्लोफिनॅक व आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी आधीच थकलेल्या मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा घटतो. ‘मूत्रपिंड साफ करणारी’ चूर्णे घेऊन आलेले हितचिंतकही दारातूनच परतवावेत; कित्येक चूर्णांत काय असते हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

जयेंद्रगंजातील त्या आजोबांना आता वैद्याकडे नेले, तर इन्सुलिनची मात्रा प्रथम कमी होईल. मेटफॉर्मिनची गोळी क्षमतेचा आकडा पाहून घटवावी किंवा थांबवावी लागेल. निघताना आजींनी पिशवीत जुने सर्व कागद घालावेत, आणि आजोबा गुडघ्यासाठी उशाशी ठेवतात ती गोळ्यांची पट्टीही.