आधी वळणरस्ता, मग खोदकाम
(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणावरून)



आपण जुने इंदूरकर. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही भावंडं मावशीकडे अकोल्याला निघायचो ते मीटरगेजच्या छोट्या गाडीनं. पातालपाणीचा धबधबा दिसावा म्हणून खिडकीसाठी भांडणं व्हायची. कालाकुंडला पळसाच्या पानावरचा कलाकंद मिळायचा, आणि परतीला तिथेच घाट चढायला जादा इंजिन लागायचं. जयपूर-काचीगुडा मीनाक्षी एक्स्प्रेस याच रुळांवरून धावायची.

हा मार्ग आपल्याला फुकट मिळाला नव्हता. महाराजा तुकोजीराव होळकर दुसरे यांनी १८७० मध्ये त्यासाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ देऊ केले. १८७६ मध्ये नर्मदेवरचा पूल सुरू झाला आणि १८७८ मध्ये गाडी इंदूरला पोचली.

आता तो मार्ग मोठा करायचं ठरलं, ते योग्यच झालं. दोन गेज म्हणजे इंजिनं वेगळी, डबे वेगळे, कारखाने वेगळे. जिथे गेज बदलतं तिथे माल उतरवून पुन्हा चढवायचा. म्हणूनच १९९२ मध्ये देशभर एकच गेज करण्याचं धोरण आलं.

पण २०१७ मध्ये अकोला-खंडवा गाडी थांबली आणि २०२३ मध्ये महू-ओंकारेश्वर रोडचीही थांबली. अडचणी खऱ्या आहेत. जुना घाट चाळीस फुटांना एक फूट चढतो, त्यामुळे मोठ्या गाडीला नवा, लांबचा मार्ग आणि बोगदे हवेत. मेळघाटात वाघांसाठी रूळ जंगलाबाहेरून न्यावे लागणार. तेही बरोबरच.

मात्र आम्ही रस्ते बांधणाऱ्या खात्यातली माणसं. पूल पाडायचा तर आधी वळणरस्ता द्यायचा, हे आम्हाला नोकरीच्या सुरुवातीलाच शिकवतात. इथे वळणरस्ता कुठे आहे? ज्याच्या खिशात पैसा आहे तो विमानानं किंवा स्लीपर बसनं जातो. बडवाह-सनावदचा मजूर, कॉलेजात जाणारी मुलगी, दवाखान्यात निघालेली म्हातारी यांचं स्वस्त तिकीट मात्र गेलं.

सप्टेंबर २०२४ मध्ये इंदूर-मनमाड मार्गाला केंद्राची मंजुरी मिळाली. ३०९ किलोमीटर, ३० नवी स्थानकं, खर्च १८,०३६ कोटी. आनंदाची गोष्ट आहे. धुळे-नाशिक जवळ येतील. पण चकचकीत गाडी आली म्हणजे आधुनिकीकरण झालं असं नाही. दोन गाड्यांची टक्कर टाळणारी 'कवच' यंत्रणा हवी, पुरेसे जनरल डबे हवेत आणि छोट्या स्थानकावर थांबाही हवा.

मंडळानं एवढं करावं : दर वर्षी याच मांडवात या दोन्ही मार्गांचं काम कुठवर आलं ते जाहीर वाचावं, आणि लोकप्रतिनिधींना बोलावून त्यांच्यासमोर वाचावं. आपल्या राजानं या मार्गासाठी कोटी रुपये मोजले; आपण निदान विचारत तरी राहू.

गणपती बाप्पा मोरया!