वायरवाला हेडफोन घेताना आधी कान बघा

आजचा भाग मोबाइलवर नाही, लॅपटॉपवर नाही, त्याला जोडायच्या सगळ्यात स्वस्त वस्तूवर आहे. साधा, वायरवाला हेडफोन. तुमच्यातले बरेच जण मेसेजमध्ये विचारतात, "दादा, हजाराच्या आत कुठला घेऊ?" मी आतापर्यंत पटकन एखादी लिंक पाठवून मोकळा व्हायचो. ते का बंद केलं, ते आधी सांगतो.

माझी मावसबहीण पुण्यात एमपीएससीचा अभ्यास करते. दिवसभर अभ्यासिकेत, आणि लेक्चर्स सगळी फोनवर. रोजचे पाच-सहा तास कानात काहीतरी असतंच. तिचे वायरलेस बड्स दुपारपर्यंत मान टाकायचे, त्यातला एक बसमध्ये हरवला. मला फोन आला, "दादा, हजाराच्या आत सांग, वायरवाला चालेल." मी इंजिनिअर ना, सगळं येतं मला! ४० मिमीचा ड्रायव्हर, 'एक्स्ट्रा बेस', वर चार तारे आणि थोडं जास्त रेटिंग. दहा मिनिटांत ऑर्डर टाकली.

पंधरा दिवसांनी परत फोन. "दादा, कान दुखतात रे. चष्म्याच्या काडीपाशी." मी म्हटलं, नवीन आहे, सैल होईल. मग आठवड्याने म्हणाली, "रात्री झोपताना कानात बारीक शिट्टी वाजल्यासारखं होतं." तेव्हा मात्र माझ्या पोटात गोळा आला. कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांकडे गेलो, ऐकण्याची तपासणी झाली. रिपोर्ट नॉर्मल आला, आणि हेडफोन बंद ठेवल्यावर काही दिवसांत ती शिट्टीही थांबली. डॉक्टरांनी दोनच गोष्टी विचारल्या. आवाज किती ठेवतेस? आणि सलग किती वेळ? मी घेताना यातलं काहीच विचारलं नव्हतं.

तर झालं काय होतं? मी घेतलेला हेडफोन 'ऑन-इअर' होता, म्हणजे त्याची गादी कानाच्या पाळीवर टेकते. चष्मा असेल तर पाळी मधे सापडते, एका बाजूने गादी आणि दुसऱ्या बाजूने काडी. अर्धा तास काही वाटत नाही, दोन तासांनी ठणकायला लागतं. दुसरी गोष्ट, अशी गादी कानावर नीट बंद बसत नाही. अभ्यासिकेतला पंखा, खालच्या रस्त्यावरचे हॉर्न, सगळं आत येतं. मग माणूस काय करतो? आवाज वाढवतो. दुखणं आणि शिट्टी हे दोन वेगळे प्रॉब्लेम नव्हतेच, हेडफोन कानावर नीट बसत नव्हता हेच दोन्हीचं कारण होतं.

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा आहे की ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ऐकलं तर चालतं, ९० डेसिबलला फक्त ४ तास. वाचताना ८० आणि ९० जवळजवळ वाटतात, पण डेसिबलमध्ये दर ३ ने ऊर्जा दुप्पट होते. १० म्हणजे दहापट. माझी बहीण आठवड्याला तीस-पस्तीस तास ऐकत होती! तेव्हा बाहेरचा गोंगाट अडवणारा हेडफोन ही चैन नाही, त्यामुळे आवाज कमी ठेवता येतो.

घरी करता येईल अशी एक परीक्षा सांगतो. रात्री शांत खोलीत लेक्चर लावा आणि शब्द आरामात कळतील इतकाच आवाज ठेवा. फोनवरच्या पट्टीच्या किती रेघा झाल्या ते मोजा. दुसऱ्या दिवशी तेच लेक्चर तुमच्या नेहमीच्या जागी ऐका. एक-दोन रेघा वाढवाव्या लागल्या तर ठीक. चार-पाच वाढवाव्या लागल्या तर त्या जागेसाठी तो हेडफोन नाही.

आता पर्याय. कान पूर्ण आत जातो तो 'ओव्हर-इअर'. पाळीवर दाब नाही, चष्म्याला त्यातल्या त्यात बरा. पण काडीमुळे गादीला फट राहते आणि थोडा बेस तिथून निघून जातो. शिवाय आपल्याकडच्या मे महिन्यात रेक्झिनच्या गादीत कान उकडून निघतात, आणि घामाने वर्ष-दोन वर्षांत त्या रेक्झिनची काळी टरफलं गळायला लागतात. कापडी गादी थंड असते, पण गोंगाट कमी अडवते. म्हणून बदलता येणारी गादी मिळते का, ते घेतानाच बघा. ऑडिओ-टेक्निकाचा एम२०एक्स वगैरे स्टुडिओतले हेडफोन चांगलेच आहेत, पण बजेट पाचपट होतं आणि त्याची तीन मीटरची वायर अभ्यासिकेत चार जणांच्या पायात येईल.

काही जण म्हणतील, कॉस पोर्टा प्रो घे की! १९८४ पासून विकला जातोय, हलका आहे, आणि दाब कमी-जास्त करायची सोयही आहे. मान्य. पण तो उघड्या बनावटीचा आहे. बाहेरचं सगळं आत आणि आतलं सगळं बाहेर. घरी एकटे असाल तर मस्त, अभ्यासिकेत शेजारचा उठून बोलेल.

राहिला 'इन-इअर', रबरी टोकाचा. चष्म्याशी संबंध नाही, उकडत नाही, गोंगाट चांगला अडवतो. स्वस्तात यातच जास्त किंमत वसूल होते, असं माझं मत आहे. पण अट एकच, टोक बरोबर मापाचं हवं. डब्यात लहान, मध्यम, मोठी अशी टोकं येतात. ९९ टक्के लोक लावून आलेलं मध्यमच वापरतात (हा आकडा माझ्या मित्रमंडळींचा, मनावर घेऊ नका). घालताना दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढा, टोक आत सरकवा, पाळी सोडा. बेस एकदम भरून आला तर बसलं. आवाज पत्र्याच्या डब्यासारखा वाटला तर माप चुकलं. आणि दोन्ही कान सारखे नसतात. बहिणीच्या डाव्या कानाला लहान लागतं, उजव्याला मध्यम. रस्त्यावर चालताना मात्र काढून ठेवा, मागून आलेली पीएमपी ऐकू येणार नाही.

डब्यावरच्या आकड्यांवर फार वेळ घालवत नाही. ड्रायव्हर मोठा म्हणजे आवाज चांगला, असं नसतं. '२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ' जवळपास सगळ्यांवर छापलेलं असतं, त्यातून काही कळत नाही. एक आकडा बघा, इम्पीडन्स. १६ ते ३२ ओहम असेल तर फोनवर व्यवस्थित वाजतो. बेयरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो २५० ओहमचा येतो, तो फोनला लावलात तर पूर्ण आवाजातही दबलेलाच वाटेल.

आता जॅक, कारण इथे पैसे वाया जातात. तुमच्या फोनला ३.५ मिमीचं गोल भोक आहे का, ते आधी बघा. ॲपलने २०१६ च्या आयफोन ७ पासून ते काढलं, आणि मग बाकीच्या कंपन्याही एकेक करत त्याच वाटेने गेल्या. भोक नसेल तर टाइप-सी कन्व्हर्टर लागतो, आणि तो दोन प्रकारचा असतो. एकात डॅक असतो, म्हणजे डिजिटल सिग्नलचा आवाज करणारी छोटी चिप. दुसऱ्यात नुसत्या तारा, चिप फोनमध्ये असेल तरच चालतो. दिसायला दोन्ही जुळे. रस्त्यावरचा स्वस्त घेतलात आणि फोन मुका राहिला, तर बहुतेक हेच कारण. दुकानात तिथल्या तिथे लावून बघा, मगच पैसे द्या.

माइक हवा असेल तर पिनेवरच्या काळ्या रेघा मोजा. तीन रेघा म्हणजे माइक आहे, दोन म्हणजे फक्त ऐकायचा. मीटिंगवाल्यांनो, ब्लूटूथचा माइक चालू झाला की हेडफोन वेगळ्या मोडमध्ये जातो आणि ऐकू येणारा आवाजही जुन्या टेलिफोनसारखा होतो. वायरमध्ये ही भानगड नाही.

आणि वायर तुटते कुठे? मधे सहसा नाही. पिनेच्या मुळाशी तुटते. म्हणून पिनेजवळ लवचीक रबर आहे का ते बघा, आणि फोनभोवती घट्ट गुंडाळणं बंद करा. सैल वेटोळं करून खिशात टाका. वेगळी होणारी वायर असलेले इन-इअर आता स्वस्तातही मिळतात. वायर गेली तर फक्त वायर घ्यायची. नसेल तर बुधवार पेठेत तापकीर गल्लीत जोडून देणारे आहेत. मी घरी जोडायला बसलो होतो, डाग धरेचना. तिथल्या काकांनी हसून दाखवलं की या तारांवर लाखेसारखा थर असतो, तो आधी जाळायचा, मग डाग लागतो. चार वर्षं बीटेक केलं, हे कोणी सांगितलं नव्हतं.

शेवटी आम्ही वेगळ्या वायरचा, माइकवाला इन-इअर घेतला. तेराशे रुपये झाले, वरचे तीनशे माझ्याकडून दंड. वायर कपड्याला घासली की कानात खरखर यायची, म्हणून ती आता कानावरून मागे घेऊन घालते. तिचा आवाज पाच रेघांनी खाली आलाय आणि तासाभराने ती दहा मिनिटं कान मोकळे ठेवते. टोकं रविवारी साबणाच्या पाण्याने धुते, कोणाला वापरायला देत नाही.

तो पहिला हेडफोन मी परत घेतला. पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ताणून तीन रात्री ठेवला, आता दाब बराच कमी झालाय. मला चष्मा नाही, त्यामुळे हा भाग त्याच्यावरच एडिट करतोय.

तुमचा प्रश्न पाठवताना चार गोष्टी लिहा. फोनचं मॉडेल, चष्मा आहे की नाही, कुठे बसून ऐकता, आणि रोज किती तास. मग सांगतो कुठला घ्यायचा. चला, पुढच्या भागात भेटू!