पडलेले झाड आणि शाळेचे आवार
(केंद्राच्या शिक्षण परिषदेतील भाषण)



दि. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आले. रायगडचा दक्षिण भाग आणि रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड-दापोलीचा परिसर ह्यांतील नारळी-पोफळीच्या वाड्या व आंब्या-फणसाची जुनी झाडे त्या एका दिवसात आडवी झाली. पुढील वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ वादळ कोकणच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे गेले आणि पुन्हा तोच प्रकार घडला. ह्या दोन्ही वेळी करोनाच्या साथीमुळे शाळांचे वर्ग भरत नव्हते. हा योगायोग दर वर्षी जमून येणारा नाही. शिवाय झाड पडावयास चक्रीवादळच लागते असेही नाही. वळवाचा एक जोरदार झोत, किंवा आषाढात आठ दिवस सतत भिजून मऊ झालेली जमीन, एवढ्या कारणानेही जुना वृक्ष मुळासकट उलथतो. आणि आषाढात शाळा भरलेली असते.

उभे वाकलेले झाड धोक्याचे असते हे सर्वांस पटते. पडलेले झाड मात्र निरुपद्रवी वाटते. जे व्हावयाचे ते होऊन गेले, आता उरले ते केवळ तोडण्याचे आणि ओढण्याचे काम, अशी समजूत सर्वत्र आढळते, आणि बहुतेक अपघातांचे मूळ ह्या समजुतीत आहे. मोठे झाड जमिनीवर आडवे झाले तरी ते विसावलेले नसते. त्याच्या वजनाने फांद्या वाकून दाबल्या गेलेल्या असतात, काही ताणल्या गेलेल्या असतात, खोड कोठे टेकलेले तर कोठे अधांतरी असते, आणि उलथलेली मुळे अर्धी तुटून अर्धी जमिनीला धरून असतात. हा सारा जोर लाकडात कोंडलेला असतो. करवत किंवा कुऱ्हाड ज्या ठिकाणी लागेल त्या ठिकाणी तो मोकळा होतो. तो कोणत्या दिशेने मोकळा होईल हे आधी ओळखता येणे, हेच ह्या कामातील मुख्य ज्ञान होय.

शिक्षकाचा ह्यात संबंध काय, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. शिक्षकाने करवत हाती धरावी अशी कोणाची अपेक्षा नाही, आणि तसे त्याने करूही नये. परंतु आवार त्याच्या ताब्यात असते आणि मुले त्याच्या स्वाधीन असतात. झाड पडल्यावर पहिल्या तासाभरात मुलांना थोपवावयाचे ते त्यालाच. काल हातास न लागणारा शेंडा आज जमिनीवर आला, ह्याहून मोठी पर्वणी मुलांना कोणती? सूरपारंब्या खेळण्यास ह्याहून सोयीचे झाड मिळणार नाही. दहा-बारा मुले एका फांदीवर चढून झोके घेऊ लागली की खाली टेकू देणारी एखादी फांदी मोडते आणि सबंध खोड कुशीवर वळते. मुळांखालचा खड्डा तर लपंडावासाठी मुले हटकून निवडतात, आणि सर्वांत घातक जागाही तीच. तेव्हा प्रथम दोरी बांधावी. तिच्या आत कोणीही जाऊ नये, मोठ्या माणसांनीही नाही. फळ्यावर सूचना लिहिली म्हणजे कर्तव्य संपले असे होत नाही. मधल्या सुट्टीत दोरीपाशी एक शिक्षक उभा असला पाहिजे.

झाडाखाली विजेची तार सापडली असेल तर दोरीही पुष्कळ लांब बांधावी. तुटलेली तार जिवंतच आहे असे धरून चालावे. ओल्या फांदीतून, ओल्या जमिनीतून, कुंपणाच्या तारेतूनही वीज येते. महावितरणच्या १९१२ ह्या क्रमांकावर कळवावे आणि त्यांचा माणूस स्वतः येऊन पुरवठा बंद केल्याचे सांगेपर्यंत फांदीस हात लावू देऊ नये. गावातील कोणी जाणकार ‘लाइट गेलेली आहे’ असे सांगेल. गेलेली लाइट केव्हाही येऊ शकते.

कागदपत्रांविषयी थोडक्यात सांगावयाचे तर, झाड पडले म्हणून ते कोणाचेही झाले असे नाही. महाराष्ट्र झाडे तोडणे (नियमन) अधिनियम १९६४ ह्याच्या अनुसूचीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग, खैर इत्यादी वृक्ष आहेत. मुख्याध्यापकाने छायाचित्रे घ्यावीत, ग्रामपंचायतीस व गटशिक्षणाधिकाऱ्यांस लेखी कळवावे, पंचनामा करवून घ्यावा, आणि लाकडाची विल्हेवाट परस्पर लावू नये. ह्यात दोन-चार दिवस जातात. ते जाणे इष्टच आहे; तेवढ्या अवधीत झाड नीट पाहता येते.

आता एक चित्र डोळ्यांपुढे आणावे. शाळेच्या अंगणातील जुना आंबा पश्चिमेच्या वाऱ्याने पूर्वेकडे पडला आहे. त्याचा शेंडा कुंपणाच्या भिंतीवर विसावला आहे. दुसऱ्या टोकास मुळांचा मातीसह उपटलेला थाळा पुरुषभर उंच उभा आहे. मधले खोड हातभर अधांतरी आहे. हे खोड म्हणजे दोन टोकांस आधार असलेली तुळईच झाली. तिचा मध्य स्वतःच्या वजनाने खाली झुकू पाहतो. म्हणून तिची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. अशा खोडावर कोणी वरून करवत चालवीत राहिला, तर काही अंतर गेल्यावर चीर मिटते आणि करवतीचे पाते त्यात आवळले जाते. मग ते सोडविण्यासाठी ओढाताण सुरू होते, आणि ह्याच ओढाताणीत घात होतो. उलट, केवळ खालून कापीत गेला तर ताणलेले तंतू एकाएकी तुटून खोड उभे चिरते व खाली कोसळते.

आता हाच आंबा भिंतीवर न टेकता त्याचे एक टोक अधांतरी लोंबत असेल, तर सारे उलटे होते. तेथे वरची बाजू ताणलेली आणि खालची दाबलेली असते.

हा भेद सातवीच्या मुलांस खोडरबराने दाखविता येतो. लांबट रबराच्या कडेवर शाईने जवळजवळ उभ्या रेघा माराव्यात. रबराची दोन्ही टोके दोन पुस्तकांवर ठेवून मध्ये बोटाने दाबावे. वरच्या अंगास रेघा एकमेकींजवळ येतात, खालच्या अंगास दूर जातात. नंतर एक टोक टेबलावर दाबून धरावे आणि मोकळे टोक खाली वाकवावे. रेघांची स्थिती उलट झालेली मुले स्वतःच सांगतील. त्यानंतर शिक्षकाने निरगुडीची ओली डहाळी धनुष्यासारखी वाकवून तिच्या बाहेरच्या अंगावर चाकूची हलकी रेघ द्यावी. डहाळी आवाज करून फाटते. हे शिक्षकाने स्वतः करावे, मुलांच्या हाती चाकू देऊ नये. करंगळीएवढी डहाळी जर अशी उसळते, तर मांडीएवढी फांदी काय करील, हा प्रश्न मुलांपुढे ठेवला की दोरीपाशी शिक्षकाचे काम निम्मे हलके होते.

ह्यावरून कापण्याचा नियम निघतो. प्रथम दाबलेल्या बाजूने सुमारे एक-तृतीयांश जाडीपर्यंत कापावे, आणि मग ताणलेल्या बाजूने कापीत येऊन चीर पुरी करावी. दोन्ही टोकांस टेकलेल्या खोडात पहिला काप वरून आणि दुसरा खालून. अधांतरी लोंबणाऱ्या टोकास पहिला खालून आणि दुसरा वरून. दोन माणसांनी ओढावयाची जुनी करवत असेल तर खालून कापणे अवघड जाते. तेव्हा कापाच्या दोन्ही अंगांस खोडाखाली ओंडक्यांचे भक्कम टेकू द्यावेत आणि वरच्या चिरेत लाकडी पाचरी ठोकीत जावे. चीर उघडी राहते आणि पाते मोकळे चालते. ही युक्ती जुन्या करवतकऱ्यांस कोणी पुस्तकातून शिकविलेली नव्हती.

तथापि खोडाकडे वळण्यापूर्वी फांद्या उतरवाव्या लागतात, आणि येथेच घाई फार होते. वरच्या मोकळ्या फांद्या आधी घ्याव्यात. खालच्या, जमिनीत रुतलेल्या फांद्या ह्या खाटेच्या पायांसारख्या असतात; त्यांतील एक तोडली की सबंध खाट कोणत्या बाजूस कलेल सांगता येत नाही. म्हणून खोडास गोल ओंडक्यांची वा दगडांची ओटी दिल्यावाचून त्यांस हात लावू नये. धनुष्यासारखी वाकून अडकलेली फांदी एका घावात तोडू नये. तिच्या आतल्या, दाबलेल्या अंगाने थोडे थोडे लाकूड काढीत तिचा जोर हळूहळू उतरवावा, आणि तोडणाऱ्याने तिच्या उसळण्याच्या रेषेबाहेर उभे राहावे. शक्यतो तोडणारा खोडाच्या एका अंगास आणि फांदी दुसऱ्या अंगास असावी. खोडावर उभे राहून कुऱ्हाड चालविणारे पुष्कळ दिसतात. त्यांचे कौतुक होते, म्हणूनच ते तसे करतात. शाळेच्या आवारात तरी हे कौतुक होऊ नये. जमीन उताराची असेल तर खालच्या अंगास कोणीही थांबू नये.

वजनाची कल्पना मुलांकडून काढवून घ्यावी. पडलेल्या खोडाचा घेर दोरीने मोजला आणि तो १८८ सेंटिमीटर भरला, तर व्यास सुमारे ६० सेंटिमीटर येतो. असा तीन मीटर लांबीचा ओंडका घेतला तर त्याचे घनफळ सुमारे ०.८५ घनमीटर होते. ओले लाकूड पाण्याइतकेच जड धरले तरी एका ओंडक्याचे वजन साडेआठ क्विंटलच्या घरात जाते. भाताची पन्नास किलोंची सतरा पोती एकदम पायावर लोटली जावीत, असा हा हिशेब आहे. मापे मात्र दोरी बांधण्यापूर्वी वा काम संपल्यावर शिक्षकाने घेऊन द्यावीत. (ह्याच निमित्ताने वलये मोजून झाडाचे वय काढण्याचा पाठ घेण्याचा मोह होईल. सागाच्या खोडात वलये चांगली दिसतात. आंब्याच्या खोडात ती स्पष्ट दिसतीलच असे नाही, आणि माडाच्या खोडात तर ती नसतातच. वर्गाची फजिती टाळण्यासाठी हे आधी पाहून ठेवावे.)

आजकाल हे काम बहुधा पेट्रोलवर चालणाऱ्या साखळी-करवतीने होते. गावात तिला सरसकट ‘कटर’ म्हणतात. दिवसाचे काम ती तासात करते, आणि इजाही तितक्याच वेगाने करते. तिच्या पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडास लागला की करवत क्षणात उसळून चालविणाऱ्याच्या तोंडाकडे येते. म्हणून टोकाने कापू नये, खांद्याच्या वर उचलून कापू नये, एका हाताने धरू नये. चालविणाऱ्याच्या पायात जाड बूट आणि डोळ्यांवर चष्मा असावा. स्लीपर घालून आलेल्या माणसास काम सुरू करू देऊ नये, मग तो सरपंचांनी धाडलेला असो. काम सुरू होण्यापूर्वी मुख्याध्यापकाने त्यास तीन गोष्टी विचाराव्यात: पहिला काप कोठे घेणार, तेथे खोड ताणलेले आहे की दाबलेले, आणि ते सुटले तर निसटण्यास वाट कोणती. ज्यास काम येते तो ह्या प्रश्नांनी रागावत नाही; तो झाडाभोवती एक फेरी मारून उत्तर देतो. जो हसून यंत्र सुरू करतो त्यास परत पाठवावे.

परत पाठविणे सोपे नसते. स्वातंत्र्यदिन तोंडावर आलेला असतो, ध्वजस्तंभाजवळ फांद्या पडलेल्या असतात, तरुण मंडळी श्रमदानास उत्साहाने जमलेली असतात, आणि ‘गुरुजी, तासाभरात मोकळे करून देतो’ असे आश्वासन मिळते. अशा वेळी एकटा शिक्षक भित्रा ठरतो. त्याने खुशाल भित्रे ठरावे. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव आधीच करून ठेवला असेल तर त्याला त्या कागदाचा आधार राहतो. श्रमदानास कामे दुसरी आहेत: तोडून झालेल्या डहाळ्या वाहणे, पालापाचोळा खड्ड्यात भरणे, भिंतीचे दगड रचणे. आंब्याचा चीक कातडीस लागून फोड येतात, हे डहाळ्या वाहणाऱ्यांस सांगावे. ढोलीत साप किंवा मधमाश्या आहेत काय, हे काठीने दुरून पाहावे.

सर्वांत शेवटी मुळांचा थाळा. खोडाचे वजन असते तोवर तो उभा दाबून धरलेला असतो. खोड त्यापासून वेगळे होताच तुटून न गेलेली मुळे त्यास मागे ओढतात, आणि कित्येक क्विंटल मातीसह तो पुन्हा खड्ड्यात बसतो. क्वचित तो उलट पुढेही पडतो. ह्या हालचालीस पापणी लवण्याइतका वेळ लागतो. खड्ड्यात कोणी असेल तर त्यास हाक मारण्याचीही सवड मिळत नाही. म्हणून हा काप घेण्यापूर्वी एका माणसाने थाळ्यामागे जाऊन खड्डा रिकामा असल्याचे डोळ्यांनी पाहावे आणि मोठ्याने तसे सांगावे. थाळ्यास साखळदंडाने किंवा जेसीबीने आधार द्यावा. कापणाऱ्याने बाजूस उभे राहावे. थाळ्यापुढे नाही, मागेही नाही. आधार मिळत नसेल तर थाळा व त्याला लागलेले दोन-तीन मीटर खोड तसेच ठेवावे आणि दोरी काढू नये. आठवडाभर आवार कुरूप दिसले तर दिसू द्यावे.

थाळा बसल्यावर किंवा हलविल्यावर उरलेला खड्डा त्याच दिवशी भरावा. वरून माती सपाट दिसली तरी मुळांच्या खाली पोकळी राहते, आणि पहिल्या मोठ्या पावसात ती खचते. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेची घंटा होण्यापूर्वी मुख्याध्यापकाने पहारीने ती माती चाचपून पाहावी. पहार सहज आत जात असेल तर आणखी दगड-मुरूम घालून धुम्मस करून घ्यावे, आणि मगच दोरी सोडावी.