‘ताई, ही कोण?’
(८ मार्चच्या मेळाव्यातील भाषण)



मी चित्रकार नाही. एम.एस.डब्ल्यू. करून केस-पेपर भरणारी कार्यकर्ती आहे. पस्तिशीत तैलरंगाच्या संध्याकाळच्या वर्गाला जाऊ लागले तेव्हा घरच्यांना वाटले, हिचे डोके शिणले. ते शिणलेलेच होते म्हणा!

पहिल्या व्यक्तिचित्रासाठी केंद्रात येणाऱ्या एका मावशींना विचारले. अट एकच, नाव घालायचे नाही. कोळशाने रेखाटन केले, टर्पेंटाइनने पातळ केलेल्या बर्न्ट अंबरने छाया भरल्या. तेलकट, जाड रंग नंतर. उलटे केले तर वरचा थर आधी सुकून पुढे तडकतो. हे सगळे मी नीट पाळले. चूक वेगळीच झाली. डोळ्यांखाली काळेनिळे, ओठ ओढलेले, कपाळावर आठ्या. वर्गात सगळे म्हणाले, काय भाव आलाय!

मावशींनी पाहिले. म्हणाल्या, “ताई, ही कोण? तक्रार द्यायला आले त्या दिवशी मी अशी दिसत असेन. आता रोज दोनशे पोळ्या लाटते, त्या हिने लाटल्या का?”

खरे सांगते, मला राग आला. आणि मग आपली पोस्टर्स आठवली. त्यांवरची बाई किती वेळा गुडघ्यांत डोके घालून बसलेली असते! ती आपणच तशी बसवतो.

अमृता शेरगिलचे १९३५चे ‘तीन मुली’ हे तैलचित्र आठवा. १९३७ साली बॉम्बे आर्ट सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिले. तिघी शेजारी बसलेल्या, पण नजरा एकमेकींकडे नाहीत, आपल्याकडेही नाहीत. अश्रू नाहीत, वेडावाकडा चेहरा नाही. जे आहे ते खाली गेलेल्या नजरेत आणि बसण्यात.

तैलरंग सावकाश सुकतो, हे बरे. त्याच संध्याकाळी पॅलेट नाइफने चेहरा खरवडून काढला. पुढचे तीन रविवार मावशी पुन्हा बसल्या. “हात घ्या चित्रात,” म्हणाल्या. म्हणून हात घेतले, मनगटावरच्या भाजल्याच्या डागासकट. तो तव्याचा, नवऱ्याने दिलेला नव्हे, हेही त्यांनी बजावले. बोलता बोलता त्या हसायच्या आणि हसू ओसरल्यावर जबडा घट्ट व्हायचा. तो क्षण पकडायला मला दोन रविवार लागले. नाक अजूनही जमलेले नाही.

चित्र आज इथे लावावे, असे कमिटीचे म्हणणे होते. मावशींना विचारले. नको म्हणाल्या. ते त्यांच्या खोलीत आहे, फोडणीचे तेल उडू नये म्हणून शेगडीपासून लांब. त्यामुळे आज मी रिकाम्या हाताने आले आहे.