शांतता सोसण्याचे बळ

(वासंतिक व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे मुद्रित रूप)

‘सभाधीट’ या मराठी शब्दातील ‘धीट’ या पदाचा अर्थ व्यवहारात ‘ज्याला भीती वाटत नाही असा’ इतकाच घेतला जातो, आणि या अर्थसंकोचामुळे वक्तृत्वाच्या शिक्षणाची, स्पर्धांची व शिबिरांची सारी दिशा भीती घालवण्याकडे वळलेली आहे. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय व्यावसायिक वक्त्याच्या मनाचा कणखरपणा हा आहे. व्यावसायिक वक्ता म्हणजे वर्षातील कित्येक संध्याकाळी मानधन घेऊन परक्या गावी, अनोळखी श्रोत्यांसमोर बोलणे हाच ज्याचा व्यवसाय आहे असा माणूस. अशा माणसाचे मनोबल त्याला भीती वाटते की नाही यावरून ठरवता येत नाही. भरल्या सभागृहातील शांतता तो किती स्वस्थपणे सोसू शकतो, यावरून ते ठरवावे लागते, हे या व्याख्यानाचे मुख्य प्रतिपादन आहे. बोलणे हा ज्याचा व्यवसाय त्याची परीक्षा न बोलण्यात घ्यावी, हे विधान प्रथमदर्शनी विचित्र वाटेल, परंतु वक्त्याची बहुतेक पडझड शब्दांच्या अभावाने न होता शांततेच्या धास्तीने होते, हे पुढील विवेचनातून स्पष्ट व्हावे.

वक्तृत्वाचा इतिहास या ठिकाणी उगाळण्याचे कारण नाही. तोंडात खडे धरून उच्चार सुधारणारा ग्रीक वक्ता डेमोस्थेनिस प्रत्येक शालेय वक्तृत्वस्पर्धेत हजेरी लावून गेलेला आहे (हशा). न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या वसंत व्याख्यानमालेची कथा सर्वांना ठाऊक आहे. आणि आचार्य अत्रे, शिवाजीराव भोसले व राम शेवाळकर यांची भाषणे या सभागृहातील ज्येष्ठांच्या कानांत अजून ताजी असणार. तेव्हा ती उजळणी बाजूला ठेवून थेट वक्त्याच्या देहाकडे वळणे इष्ट ठरेल.

सभेपुढे उभे राहताना छातीची धडधड वाढणे, तोंडाला कोरड पडणे, तळहात घामेजणे आणि गुडघे कापणे ही लक्षणे दुर्बळ मनाची खूण मानली जातात. अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले, की संकटाची चाहूल लागताच ॲड्रेनालिन हा स्राव रक्तात मिसळतो, हृदयाचे ठोके वाढतात, पचनाचे काम मंदावते आणि देह लढण्यास किंवा पळण्यास सज्ज होतो. सभागृहात लढायचे कोणाशी नसते आणि पळायला वाट नसते, त्यामुळे ही सगळी सज्जता वक्त्याच्या अंगात नुसतीच खदखदत राहते. ही क्रिया वक्त्याच्या आज्ञेने सुरू होत नाही, म्हणून त्याच्या आज्ञेने ती थांबतही नाही. जो वक्ता व्यासपीठाच्या पायऱ्या चढताना मनाला ‘घाबरू नकोस’ असे बजावतो, तो आपल्याच हृदयाशी हुज्जत घालत बसतो आणि विषय मागे राहतो.

येथे मानसशास्त्रातील एक संज्ञा उपयोगी पडते, ती म्हणजे ‘पारदर्शकतेचा भ्रम’. आपल्या मनात चाललेली खळबळ समोरच्याला जशीच्या तशी दिसत आहे, ही माणसाची चुकीची समजूत असा तिचा अर्थ होतो. केनेथ सॅवित्स्की आणि थॉमस गिलोविच या संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की वक्त्यांना स्वतःची घबराट जितकी उघड वाटते तितकी ती श्रोत्यांना जाणवत नाही, आणि ही गोष्ट भाषणापूर्वी ज्यांना समजावून सांगितली त्यांची भाषणे इतरांपेक्षा सरस झाली. घबराट कमी करण्याचे कोणतेही औषध त्यांना दिलेले नव्हते. ती दिसत नाही, एवढीच माहिती दिली होती. याचा अर्थ असा, की वक्त्याला भीतीपेक्षा भीती उघडी पडण्याची भीती अधिक छळते, आणि ती उघडी पडेल अशी सर्वांत मोठी जागा त्याला शांततेत दिसते, कारण बोलत असेपर्यंत शब्दांचा आडोसा असतो आणि शब्द थांबले की तो उघड्यावर येतो.

सभागृहातील शांतता एकाच जातीची नसते. पहिल्या वाक्यापूर्वीची एक. पुढचे वाक्य आठवत नाही तेव्हाची दुसरी. हमखास हशा मिळवणाऱ्या वाक्यावर कोणीच हसले नाही तेव्हाची तिसरी. आणि एखाद्या श्रोत्याने उभे राहून बोचरा प्रश्न विचारल्यावर सगळ्या माना वक्त्याकडे वळतात तेव्हाची चौथी. या चारही प्रसंगी कच्चा वक्ता एकच चूक करतो, ती म्हणजे मिळेल त्या शब्दाने पोकळी बुजवणे. तो ‘म्हणजे’, ‘असो’, ‘तर सांगायचा मुद्दा असा’ यांची रास घालतो, वेग वाढवतो, आवाज चढवतो, ध्वनिक्षेपकाला दोष देतो किंवा प्रश्न पूर्ण होण्याआधीच उत्तर देऊ लागतो. तीन सेकंदांची शांतता श्रोत्यांना विचाराची जागा वाटते आणि वक्त्याला मात्र ती संपता संपत नाही. या दोन मापांतील अंतर ज्याला उमगले, त्याच्या कणखरपणाचा पाया घातला गेला असे समजावे.

महाराष्ट्रातील कीर्तनपरंपरेने हे मर्म फार पूर्वी ओळखले होते. नारदीय कीर्तनात पूर्वरंग, म्हणजे तत्त्वाचे निरूपण, आणि उत्तररंग, म्हणजे त्या तत्त्वाला धरून सांगितलेले आख्यान, यांच्यामध्ये नामघोष होतो, बुवांना बुक्का लावला जातो, गळ्यात हार पडतो, आणि तेवढ्या वेळात बुवांचा श्वास व मन दोन्ही ठिकाणावर येतात. वारकरी कीर्तनात तर कीर्तनकार थांबला की मागे उभे असलेले टाळकरी अभंगाचे ध्रुपद उचलतात आणि पखवाजाच्या साथीने ते घोळवत ठेवतात. कीर्तनकार गप्प झाला तरी कीर्तन गप्प होत नाही. व्याख्यात्याला हा आधार नाही. त्याच्या मागे फक्त फलक आणि अध्यक्षांची खुर्ची असते (हशा). कीर्तनकाराची शांतता टाळकरी सांभाळतात, व्याख्यात्याला ती एकट्याने सांभाळावी लागते, आणि म्हणूनच ती सांभाळण्याचे शिक्षण त्याने स्वतंत्रपणे घेतले पाहिजे.

या शिक्षणाचे उदाहरण म्हणून मोहनदास करमचंद गांधी यांच्या वक्तृत्वाचा उल्लेख ओझरता करण्याचे योजले होते, परंतु तो प्रवास इतका बोलका आहे की त्याला अधिक वेळ देणेच न्याय्य ठरेल. लंडनमधील विद्यार्थिदशेत व्हेंटनर येथे शाकाहाराच्या प्रचारासाठी भरलेल्या सभेत लिहून आणलेले भाषण वाचण्यासाठी ते उभे राहिले आणि त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. कागद एकच होता, पण तोही सोबत्याला वाचावा लागला. बॅरिस्टर होऊन परतल्यावर मुंबईच्या लघुवाद न्यायालयात, म्हणजे लहान रकमांचे दावे चालणाऱ्या कोर्टात, तीस रुपये शुल्क घेऊन ते पहिल्या खटल्यासाठी उभे राहिले. साक्षीदाराची उलटतपासणी करायची होती, पण एकही प्रश्न सुचेना, तेव्हा त्यांनी शुल्क परत केले आणि काम दुसऱ्या वकिलाकडे सोपवले. पुढे १८९३ मध्ये प्रिटोरिया येथे तेथील हिंदी व्यापाऱ्यांसमोर व्यापारातील सचोटी या विषयावर ते बोलले, आणि हेच आपले पहिले जाहीर भाषण अशी नोंद त्यांनी आत्मकथेत केली आहे. ज्याला एका कागदाचे वाचन जमले नव्हते त्याला येथे बोलता आले, याचे कारण त्या दिवशी त्यांच्यापुढे स्वतःची परीक्षा नव्हती, समोरच्या माणसांची अडचण होती.

कथा येथे थांबली असती तर ती यशोगाथांच्या पुस्तकात शोभली असती, परंतु खरा धडा पुढे आहे. दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांची गाऱ्हाणी मांडण्यासाठी २६ सप्टेंबर १८९६ रोजी मुंबईत फिरोजशहा मेहता यांच्या पुढाकाराने जाहीर सभा भरली. ज्या दिवशी मेहुण्यांचे निधन झाले त्याच दिवशी गांधींना मुंबईला निघावे लागले होते. शुश्रूषेतील जागरणांनी देह थकला होता आणि आवाज बसला होता. आयत्या वेळी बोलण्याचा त्यांचा विचार होता, पण मुंबईत ते चालायचे नाही असे बजावून मेहतांनी भाषण आदल्या दिवशी लिहवून आणि छापवून घेतले. सभागृह खचाखच भरले होते. गांधी वाचू लागले आणि अंग पुन्हा कापू लागले; मेहता मोठ्याने, आणखी मोठ्याने वाचण्यास सांगत होते आणि आवाज मात्र खालीच जात होता. केशवराव देशपांडे यांनी कागद हाती घेतले, पण श्रोत्यांनी ‘वाच्छा, वाच्छा’ असा गजर करून दिनशा वाच्छा यांनाच उभे केले. त्यांनी वाचताच सभा निःशब्द झाली, आणि भाषणाला टाळ्या व त्यात सांगितलेल्या अन्यायाला धिक्काराचे उद्गार जागोजागी मिळाले.

या प्रसंगातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी, की प्रिटोरियात गेलेली भीती मुंबईत परत आली. म्हणजे कणखरपणा एकदा मिळवून तिजोरीत ठेवण्याची वस्तू नाही, प्रत्येक सभागृहात तो नव्याने उभा करावा लागतो. दुसरी गोष्ट अधिक मोलाची आहे. आपले भाषण दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्याचा प्रसंग कोणाही वक्त्याला जिव्हारी लागला असता, परंतु गांधींनी तो लिहिला आहे तो समाधानाने, कारण भाषणाचा परिणाम झाला होता. श्रोत्यांना विषय नको नव्हता, तो नीट ऐकू यावा एवढेच हवे होते. वक्ता आणि विषय यांत मोठे कोण, या प्रश्नाचे उत्तर ज्याच्या मनात आधीच ठरलेले असते, त्याला सभागृहाचा गलका अपमान वाटत नाही.

वीस वर्षांनंतर, फेब्रुवारी १९१६ मध्ये, बनारस हिंदू विश्वविद्यालयाच्या उद्घाटन सोहळ्यात हेच गांधी संस्थानिकांसमोर त्यांच्या जडजवाहिरावर आणि नगरातील अस्वच्छतेवर बोलले. ॲनी बेझंट यांनी मध्येच भाषण थांबवण्यास सांगितले, तेव्हा त्यांनी आवाज चढवला नाही किंवा वाद घातला नाही. अध्यक्षस्थानी असलेल्या दरभंग्याच्या महाराजांकडे वळून ते आज्ञेची वाट पाहत असल्याचे म्हणाले आणि थांबले. काही श्रोते ‘बोला’ म्हणून ओरडत होते. भाषण अखेर अपुरेच राहिले आणि सभा मोडली, पण व्यासपीठ, संस्थानिक आणि विद्यार्थी यांच्यामध्ये तो माणूस ज्या शांततेत उभा राहिला, ती शांतता व्हेंटनरच्या तरुणाला सोसली नसती. (टाळ्या)

गांधी हे व्यावसायिक वक्ते नव्हते, तेव्हा त्यांचे उदाहरण मानधन घेणाऱ्या वक्त्याला लागू कसे पडावे, असा आक्षेप येथे संभवतो. पहिल्या रांगेतील काही चेहऱ्यांवर तो आताच उमटलेला आहे (हशा). हा आक्षेप हलका नाही. व्यावसायिक वक्त्याला तोच विषय पन्नासाव्यांदा मांडावा लागतो, रिकाम्या खुर्च्यांसमोर तितक्याच उमेदीने उभे राहावे लागते आणि निमंत्रण थांबले तर संसार थांबतो. परंतु याच कारणाने त्याला शांततेची गरज अधिक आहे. पाठ झालेले भाषण हा सर्वांत दाट आडोसा असतो, आणि तो कोसळला की काय होते याचा दाखला विन्स्टन चर्चिल यांच्या चरित्रात आहे: २२ एप्रिल १९०४ रोजी ब्रिटनच्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहात पाठ केलेले भाषण करताना त्यांचे शब्द हरवले आणि सभागृहाचे आभार मानून त्यांना खाली बसावे लागले. त्यानंतर ते सविस्तर टिपणे जवळ बाळगू लागले. टिपण हाती असणे हा दुबळेपणा नाही; टिपणाकडे पाहण्यासाठी जेवढे थांबावे लागते तेवढे थांबण्याची लाज वाटणे, हा दुबळेपणा आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आलेली आहे आणि तीवरील आकडा उदार नाही (हशा), त्यामुळे टीका पचवण्याचा आणि त्याच विषयाच्या पुनरावृत्तीतून येणाऱ्या शिणाचा हे दोन मुद्दे सोडून सरावाचे तेवढे सांगणे प्राप्त आहे. भाषणाची पहिली तीन वाक्ये अक्षरशः ठरलेली असावीत, कारण देहाची खदखद त्याच वेळी सर्वाधिक असते. ध्वनिक्षेपकापुढे आल्यावर एक उच्छ्वास पूर्ण होईपर्यंत पहिले वाक्य उच्चारू नये. घरी सराव करताना प्रत्येक मुद्द्यानंतर मनात चार अंक मोजून थांबावे, आणि ही विश्रांती पाठांतराइतक्याच काटेकोरपणे गिरवावी. वाक्य विसरल्यास मागचे वाक्य सावकाश पुन्हा उच्चारावे, कारण ध्रुपद धरणारे टाळकरी नसतील तर ध्रुपद स्वतःच धरावे लागते. प्रश्न आल्यास तो पूर्ण ऐकून, क्षणभर थांबून, मगच उत्तराला आरंभ करावा. व्याख्यानानंतर त्याच रात्री वहीत दोन रकाने आखून एकात ‘काय वाटले’ आणि दुसऱ्यात ‘काय घडले’ हे लिहावे. काही महिन्यांत दोन्ही रकान्यांतील तफावत डोळ्यांना दिसू लागते, आणि पारदर्शकतेचा भ्रम पुस्तकातून न शिकता स्वतःच्या हस्ताक्षरातून उलगडतो.

अखेरचे निवेदन वक्त्यांना नसून श्रोत्यांना आहे. वक्ता अडखळतो तेव्हा खुर्च्यांची करकर, घड्याळाकडे वळणारी नजर आणि शेजाऱ्याशी सुरू होणारी कुजबुज त्याच्या शांततेचे ओझे दुप्पट करतात. उलट तेवढा वेळ सभागृह स्वस्थ बसले, तर तेच सभागृह टाळकऱ्यांचे काम करते. वक्त्याचे मनोबल त्याच्या एकट्याच्या छातीत घडत असले, तरी ते टिकते समोरच्या रांगांच्या भरवशावर, आणि ज्या गावाला चांगले वक्ते हवे असतील त्या गावाने प्रथम चांगले थांबायला शिकले पाहिजे. शेवटचे वाक्य आणि टाळ्या यांच्यामध्येही एक लहानशी शांतता असते, जी ‘धन्यवाद’ म्हणून घाईघाईने झाकून टाकण्याची प्रथा पडलेली आहे; आजच्या सभेत ती झाकली जाणार नाही.