खेळ हीच पूर्वतयारी
(वार्षिक स्नेहसंमेलनातील पालकसभेत केलेले भाषण)



“नर्सरीत मूल नुसते खेळते, अक्षरे केव्हा शिकणार?” हा प्रश्न इंग्लंडमधील आपल्या घराघरांत विचारला जातो. मी त्याची थट्टा करणार नाही. बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसावे लागले, हे ज्या समाजाच्या स्मरणात आहे, त्या समाजातील पालकांना मुलाचा एकही दिवस वाया जाऊ नये असे वाटणारच. परंतु खेळात गेलेला दिवस वाया जात नाही, हेच मला आज नम्रपणे सांगावयाचे आहे.

हा विचार केवळ परदेशी नाही. फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये जर्मनीत आणि माँटेसरीबाईंनी १९०७ मध्ये रोमच्या श्रमिक वस्तीत तो रुजविला, हे खरे. परंतु १९४५ मध्ये ताराबाई मोडक बोर्डीस गेल्या आणि अनुताई वाघ यांच्या साथीने त्यांनी तो आपल्या खेड्यांत नेला. गरिबांची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. खर्चिक साधनांऐवजी तिथे शंखशिंपले, बिया, पाने आणि माती आली. वंचितांच्या मुलांसाठीही खेळ ही चैन नव्हती. तोच त्यांच्या शिक्षणाचा पाया होता.

खेळात नेमके काय घडते? माती मळताना बोटांत बळ येते. पुढे पेन्सिल धरणारी हीच बोटे असतात. ठोकळ्यांचा मनोरा कोसळला, की जड काय, रुंद काय, खाली काय ठेवावे, हे हातांना कळते. भातुकलीत चार बाहुल्यांना चार वाट्या मांडणारे मूल गणिताचा पहिला धडा गिरवीत असते. आपली पाळी येईपर्यंत थांबणारे मूल तर समतेचा आणि बंधुतेचा धडा शिकत असते.

इंग्लंडमध्ये पाचव्या वाढदिवसानंतरच्या सत्रापासून शिक्षण सक्तीचे होते. परंतु बहुतेक मुले चार वर्षे पूर्ण झाल्यावर येणाऱ्या सप्टेंबरमध्येच रिसेप्शन वर्गात बसतात. त्यामुळे ऑगस्टमध्ये जन्मलेले मूल जेमतेम चार वर्षांचे, तर त्याच्या शेजारचे जवळजवळ पाच वर्षांचे असते. त्यांची तुलना करणे अन्यायाचे होय. २००८ पासून येथे लागू झालेल्या बालशिक्षणाच्या आराखड्यातही खेळाला मानाचे स्थान आहे.

मग घरी तयारी कोणती करावी? मुलास स्वतःचा कोट घालता यावा, डबा उघडता यावा, शौचास जाऊन हात धुता यावेत, अडचण आली तर ती बाईंना सांगता यावी. रोज एक गोष्ट सांगावी, आणि ती निःसंकोचपणे मराठीत सांगावी. ‘मोठा-लहान’, ‘आधी-नंतर’ या कल्पना मातृभाषेत पक्क्या झाल्या, की इंग्रजीत त्यांना केवळ नवी नावे द्यावयाची उरतात. मराठी बोलल्याने मूल मागे पडेल, ही भीती निराधार आहे.

बंधु-भगिनींनो, ‘शिका’ हा आदेश आपण शिरोधार्य मानतो. परंतु तीन वर्षांच्या बाळाच्या हाती बळेच पेन्सिल देणे, हा त्याचा अर्थ नव्हे. भीतीने गिरविलेले अक्षर टिकत नाही. कुतूहल मात्र आयुष्यभर पुरते. आपली मुले आज सर्वांबरोबर एकाच सतरंजीवर बसून खेळत आहेत. त्यांना मनसोक्त खेळू द्या. त्यांच्या शिक्षणाचा आरंभ तिथेच झालेला आहे.

जयभीम!