मोठ्या विद्यापीठांचे मोठे पगार



हार्वर्ड, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड इथं शिकलेल्यांना नोकरीत दहा-पंधरा वर्षं मुरल्यावर किती पगार मिळतो, याच्या याद्या अमेरिकेत निघत असतात. आकडे डोळे दिपवणारे असतात. पण ही कमाई विद्यापीठाची म्हणायची, की विद्यार्थ्याची?

प्रिन्स्टनचे अर्थतज्ज्ञ ॲलन क्रूगर आणि त्यांच्या सहकारी स्टेसी डेल यांनी २००२ साली याचा छडा लावला. १९७६ मध्ये कॉलेजात दाखल झालेली मुलं त्यांनी घेतली आणि तुलना तोलामोलाची केली. नामवंत संस्थेत प्रवेश मिळूनही जी साध्या कॉलेजात गेली, ती पुढं कमाईत मागं पडली नव्हती. हुशारी आणि जिद्द मुलं घरूनच घेऊन आली होती. विद्यापीठानं ती हेरली, इतकंच.

गरीब घरच्या मुलांची गोष्ट मात्र वेगळी निघाली. त्यांचं उत्पन्न अशा संस्थेत गेल्यानं खरोखर वाढलं. मला हा निष्कर्ष सर्वांत मोलाचा वाटतो. ज्याच्या नात्यात कुणी बँकर नाही, वकील नाही, त्याला अशा ओळखी पहिल्यांदा तिथंच होतात.

२०२३ मध्ये अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी प्रतीक्षायादीतल्या मुलांचा माग काढला. अशा बारा नामवंत संस्थांपैकी एखादीत गेल्यानं सरासरी उत्पन्न फारसं बदलत नाही. पण सर्वाधिक कमावणाऱ्या एक टक्क्यात पोहोचण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी वाढते आणि नामांकित कंपनीत काम मिळण्याची जवळजवळ तिप्पट होते. कारण उघड आहे. बड्या गुंतवणूक बँका आणि सल्लागार कंपन्या भरतीसाठी मोजक्याच विद्यापीठांची दारं ठोठावतात. समाजशास्त्रज्ञ लॉरेन रिवेरा यांनी ‘पेडिग्री’ या पुस्तकात हे सविस्तर दाखवलं आहे.

आणि या जागा मिळतात कुणाला? परीक्षेत गुण सारखेच असले, तरी अतिश्रीमंतांची मुलं इथं शिकायला येण्याची शक्यता मध्यमवर्गीयांच्या दुपटीहून जास्त. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना दिलं जाणारं झुकतं माप हे त्याचं एक मोठं कारण. ज्यांना या जागेची गरज सर्वांत कमी, त्यांनाच ती आधी मिळते, हा उघड अन्याय आहे. एमआयटीत ही प्रथा नाही, जॉन्स हॉपकिन्सनं ती सोडली. बाकीच्यांनीही ती सोडलीच पाहिजे.